आंबट कोण, खारट कोण? डायलिसिसच्या ताटातल्या भन्नाट गोष्टी

तुमच्या किडन्या रोज किती सोडा हाताळतात, माहीत आहे का? चिमूटभर? चमचाभर? छे! जवळजवळ ३६० ग्रॅम! दिवसभरात दोन्ही किडन्या मिळून १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातल्या बायकार्बोनेटचा खायच्या सोड्यात हिशेब केला तर एवढं भरतं. त्यातलं जवळपास सगळं त्या पुन्हा रक्तात परत पाठवतात. एवढ्या सोड्यात किती ढोकळे फुगतील, ते सुगरणींनी सांगावं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवण्यासाठी. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जिवाशीच गाठ. शेअर बाजार एका दिवसात यापेक्षा जास्त हलतो आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही!

बाय द वे, पीएचचा जन्म कुठे झाला, माहीत आहे का? बिअरच्या कंपनीत! १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी काढली. आज आयसीयूतल्या प्रत्येक रिपोर्टवर ती असते. चिअर्स म्हणायला हरकत नाही, पण रिपोर्ट बघून मगच.

आता एक आकडा जपून वाचा. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात कोणत्याही क्षणी जेवढं मोकळं अ‍ॅसिड तरंगत असतं, त्याच्या साधारण एक लाख पट अ‍ॅसिड आपलं शरीर रोज नव्याने तयार करतं. हो, एक लाख पट! तरी पीएच हलत नाही, कारण बायकार्बोनेट मध्ये उभं राहून ते झेलत असतं. झेलता झेलता ते संपतं, मग किडन्या नवं बनवतात. रोज. सुट्टी नाही, बोनस नाही.

फुप्फुसं काय करतात मग? ती तर मोठी खिलाडी. दिवसाला सुमारे १५ हजार मिलिमोल कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर. किडन्यांच्या वाट्याला येतात फक्त ५० ते ७० मिलिमोल. पण हे जे थोडकं अ‍ॅसिड आहे ना, ते वायू होऊन उडून जात नाही. ते लघवीवाटेच जातं. किडन्या थांबल्या की ते घरातच मुक्काम ठोकतं.

आणि ते येतं कुठून? आंबट खाण्यातून? इथेच तर ट्विस्ट आहे!

लिंबू निर्दोष, चीज आरोपी

लिंबू जिभेला आंबट, पण शरीरात त्याचा हिशेब अल्कलीच्या खात्यात जमा होतो, माहीत आहे का? त्यातलं सायट्रेट जळतं आणि मागे बायकार्बोनेट ठेवून जातं. १९९५ मध्ये रेमर आणि मान्त्स या दोन जर्मन संशोधकांनी कोणता पदार्थ किडनीवर किती अ‍ॅसिड टाकतो याचा तक्ता मांडला. शंभर ग्रॅमला लिंबाचा रस उणे २.५. मनुका उणे २१. पालक उणे १४. म्हणजे हे सगळे अ‍ॅसिड कमी करणारे.

आणि टॉपर कोण? पार्मेझान चीज, अधिक ३४! अंड्याचा पिवळा बलक अधिक २३. जिभेला यात आंबट काहीच लागत नाही. खरा खेळ प्रथिनांमधल्या गंधकाचा. मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकवाली अमिनो अ‍ॅसिड्स जळली की उरतं चक्क सल्फ्युरिक अ‍ॅसिड. तेच, शाळेच्या लॅबमध्ये बाई ज्या बाटलीला हात लावू द्यायच्या नाहीत ते. अर्थात पोटात बाटली फुटत नाही, ते तयार होता होताच झेललं जातं.

मग बाजारात मिळणारं महागडं अल्कलाइन पाणी? जठरातला पीएच दीड-दोनच्या आसपास असतो. ते पाणी तिथे पोचलं की त्याचा अल्कलाइन तोरा तिथेच उतरतो. रक्ताच्या पीएचपर्यंत पोचतं ते फक्त बिल.

मशिनमध्ये व्हिनेगर आणि सोडा

शाळेच्या सायन्स एक्झिबिशनमध्ये व्हिनेगर आणि सोड्याचा फसफसणारा ज्वालामुखी केला होता? डायलिसिस मशिनला दोन कॅन लागतात, ए आणि बी. ए कॅनमध्ये मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि बहुतेकदा थोडं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच. बी कॅनमध्ये सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा. दोघांची भेट मशिनच्या आत होते, भरपूर पाण्याच्या साक्षीने. ज्वालामुखी होत नाही. थोडासा कार्बन डायऑक्साइड निघतो, बस्स.

दोन कॅन कशाला, एकच का नाही? कारण सोडा आणि कॅल्शियम एकाच बाटलीत घट्ट कोंडले तर त्यांचा चुना होऊन तळाला बसतो. पन्नासच्या दशकात यावर उपाय म्हणून टाकीत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत बसायचे. १९६४ मध्ये सिएटलच्या टीमने शक्कल लढवली: सोडाच सोडा! त्याऐवजी अ‍ॅसिटेट टाका, शरीर आतल्या आत त्याचं बायकार्बोनेट करून घेईल. एकच कॅन, काम फत्ते. पुढची जवळजवळ दोन दशकं जगभर हेच चाललं. पण अनेकांचं बीपी घसरायचं, मळमळायचं, डोकं ठणकायचं. ऐंशीच्या दशकात मशिनं सुधारली आणि सोडासाहेब सन्मानाने परतले.

आणि ही गंमत बघा. आंतरराष्ट्रीय रंगसंकेतात ए म्हणजे लाल, बी म्हणजे निळा. अ‍ॅसिडवाला लाल, अल्कलीवाला निळा. आठवीच्या लिटमस पेपरशी तंतोतंत जुळतं!

आता मोठा गैरसमज. डायलिसिसमध्ये मशिन अ‍ॅसिड 'ओढून काढतं', असंच सगळ्यांना वाटतं ना? मोकळं अ‍ॅसिड मुळात इतकं नगण्य असतं की ओढण्यासारखं काही नसतंच. मशिन उलट देतं. डायलिसिसच्या पाण्यातलं बायकार्बोनेट जाळीतून रक्तात शिरतं आणि पुढच्या दोन दिवसांची बेगमी होते. बाकी कचऱ्यासाठी मशिन वजाबाकी करतं, सोड्यासाठी बेरीज.

ही बेरीज कधी कधी जास्तही होऊ शकते. अ‍ॅसिटेटचंही शेवटी बायकार्बोनेटच होतं ना, मग ते हिशेबात धरायचं राहून गेलं तर रक्त अल्कलीकडे झुकतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नेमक्या याच मुद्द्यावर सूचना काढली होती. ए कॅनला नुसता 'अ‍ॅसिडवाला' समजून दुर्लक्ष करू नका, हा त्यातला धडा.

आकड्यांची भूक आहे? घ्या. डायलिसिसच्या पाण्याचा वेग मिनिटाला ५०० मिली धरला तर चार तासांत १२० लिटर! आठवड्यात तीनदा म्हणजे ३६० लिटर पाण्याशी त्या रक्ताची गाठ पडते. म्हणून तर आरओ प्लँटला युनिटमध्ये मशिनइतकाच मान. ज्या नळकांड्यात हे घडतं त्या डायलायझरमध्ये केसासारखे दहाएक हजार पोकळ धागे असतात. पसरलं तर क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर. मावतं मात्र एका हातात.

सॉसेजचं आवरण आणि घटस्फोट

पहिली उपयोगी कृत्रिम किडनी कशाची होती, माहीत आहे का? सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळीची! दुसरं महायुद्ध सुरू, नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात, साहित्याची बोंब. काम्पेन गावातल्या विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर ती नळी गुंडाळली, पिंप मिठाच्या पाण्याच्या टबात फिरवलं आणि त्या नळीतून रक्त खेळवलं. रक्त गळू नये म्हणून जोडणी कशी करायची, ही कल्पना त्याने फोर्ड गाडीच्या वॉटर पंपावरून उचलली.

आधीच्या पंधरा-सोळा रुग्णांपैकी जवळजवळ सगळे गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांच्या एका बाई कोमातून शुद्धीवर आल्या. किस्सा असा सांगतात की डोळे उघडताच त्यांनी जाहीर केलं, मी आता नवऱ्याला सोडणार. युरिया उतरला, विचार स्पष्ट झाले!

ताटाचं शीर्षासन

डायलिसिसच्या आधी डॉक्टर सांगतात, प्रथिनं कमी खा. डायलिसिस सुरू झाल्यावर तेच डॉक्टर सांगतात, भरपूर खा. डॉक्टर बदलले का? नाही, गणित बदललं. अमेरिकेच्या २०२० च्या केडीओक्यूआय मार्गदर्शिकेत आधीच्या टप्प्यात मधुमेह नसलेल्यांसाठी किलोमागे ०.५५ ते ०.६ ग्रॅम, तर डायलिसिसवर १ ते १.२ ग्रॅम. जवळपास दुप्पट! ज्या घरात काल डाळीची वाटी मागे सरकवली जात होती, तिथेच आज 'आणखी घ्या' चा आग्रह. पेशंट गोंधळतो, सासूबाई त्याहून जास्त.

कारण काय? डायलायझरची जाळी कचरा आणि माल यांत फारसा भेद करत नाही. एका सेशनमध्ये साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो अ‍ॅसिड्स पाण्याबरोबर वाहून जातात.

शिवाय अ‍ॅसिडचा स्वतःचा एक दरोडा आहे. रक्तात अ‍ॅसिड साचलं की स्नायू मोडायला लागतात. पेशी नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटवते आणि चिठ्ठी लागलेलं प्रथिन भंगारात जातं. ही चिठ्ठीची यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अ‍ॅसिडोसिसमध्ये ही यंत्रणा ओव्हरटाइम करते. म्हणजे माणूस खातोय, पण अंगाला लागत नाही. हाडंही अ‍ॅसिड झेलायला आपली क्षारांची ठेव मोडतात.

म्हणून अ‍ॅसिड कमी तेवढं चांगलं, बरोबर? थांबा, थांबा! २००४ मध्ये सात हजारांहून जास्त हेमोडायलिसिस रुग्णांच्या आकडेवारीत उलटंच चित्र दिसलं. डायलिसिसच्या आधी बायकार्बोनेट थोडं कमी असलेले लोक जास्त धडधाकट निघाले. १७ च्या खाली वाईट, पण २७ च्या वरही वाईट. का? कारण जो नीट जेवतो, प्रथिनं खातो, त्याचं अ‍ॅसिड बनणारच. ज्याचा रिपोर्ट 'झक्कास अल्कलाइन' येतो, तो कदाचित जेवतच नसतो! मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत आवडती गोष्ट वाटते. एकटा आकडा कधी कधी चक्क थापा मारतो. रिपोर्ट वाचण्याआधी डबा उघडून बघावा, ही आपली आजीची पद्धत इथे सायंटिफिक ठरते.

थापांवरून आठवलं. रक्ताचा नमुना विमानाने लांबच्या लॅबमध्ये गेला की बायकार्बोनेट खोटंच कमी दिसू शकतं, माहीत आहे का? नळीतला कार्बन डायऑक्साइड वाटेत निसटतो. प्रवास नमुन्याचा, जेट लॅग रिपोर्टला.

सुपरहिरो शोधताय? अंड्याचा पांढरा भाग! साडेतीन ग्रॅम प्रथिन, अ‍ॅसिडच्या तक्त्यात जेमतेम अधिक १, फॉस्फरस नावापुरता. जवळपास सगळा फॉस्फरस पिवळ्यात बसलेला. पण फक्त यावरच ७० ग्रॅमचं टार्गेट गाठायचं म्हटलं तर दिवसाला १९-२० अंडी फोडावी लागतील. तेव्हा हिरो एकटा पुरत नाही, सोबत पनीर, चिकन, मासे, डाळी अशी स्टारकास्ट लागते, आणि कोणाला किती रोल द्यायचा हे डायरेक्टर, म्हणजे तुमचा डाएटिशियन, रिपोर्ट बघून ठरवतो.

फळं द्या, पण...

आता खरा पेच. अ‍ॅसिड उतरवणारे सगळे गुणी पदार्थ कोण? फळं, भाज्या, मनुका, पालक. आणि त्यांच्यात ठासून काय भरलंय? पोटॅशियम! निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि ते वाढलं तर हृदयाचा ठोका चुकतो. प्रेमात नव्हे, खरोखरच.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण काय नेतो? शहाळं आणि डझनभर केळी. डायलिसिसच्या पेशंटसाठी याहून चुकीची भेट सापडणं अवघड! एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम, ग्लासभर नारळपाण्यात ६०० च्या घरात. त्यापेक्षा सफरचंद न्या. किंवा सरळ गप्पा न्या, त्यांत पोटॅशियम नसतं.

पोटॅशियम पाण्यात विरघळतं, म्हणून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी फेकायचं, ही युनिटमधली पहिली शिकवण. माहीत आहे का, आपल्या सणाच्या स्वयंपाकात हे तंत्र आधीपासून आहे? पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवतो आणि वरचं पाणी निथळून काढतो. म्हणजे डाळीतलं बरंचसं पोटॅशियम गेलं! गेलं कुठे? कटात. आणि त्या कटाची आपण करतो झणझणीत आमटी! तेव्हा सणाला कटाच्या आमटीची वाटी दुसऱ्याकडे सरकवा. पुरणात गूळ पडतो आणि गुळातही पोटॅशियम असतंच, त्यामुळे पोळ्यांवर आडवा हात मारायची परवानगी यातून निघत नाही, हे खवय्यांनी नोंदवून ठेवावं.

'लो सोडियम' मीठ हेल्दी म्हणून आणता? पाकीट उलटं करून बघा. त्यात सोडियमच्या जागी बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीवाल्या शेजाऱ्यासाठी जे पुण्य, ते डायलिसिसवाल्यासाठी पाप. चवीसाठी लिंबू पिळा. आपला निर्दोष सुटलेला लिंबू इथे कामाला येतो, थोड्या रसात पोटॅशियमही थोडंच.

आणि एक फळ तर थेट ब्लॅकलिस्टेड! कमरख, कोकण-गोव्याकडचं करंबळ, ते चांदणीच्या आकाराच्या फोडी पडणारं. त्यात कॅराम्बॉक्सिन नावाचं विष असतं. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ते वेगळं काढून ओळखलं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते, निकामी किडनीत ते साचतं आणि मेंदूवर चढतं. पहिलं लक्षण? न थांबणारी उचकी! मग गोंधळ, झटके, काहींचा मृत्यूही. एरवी उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणून आपण हसतो. इथे हसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

कोला? पोटॅशियमसारखाच फॉस्फरसही जपायचा, आणि काळ्या कोलामध्ये तर फॉस्फोरिक अ‍ॅसिड. डाळींमधला फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो अर्धामुर्धाच शोषला जातो. पाकीटबंद पदार्थांत घातलेला मात्र जवळपास सगळाच्या सगळा. लेबलवर 'फॉस्फेट' दिसलं की पाकीट रॅकवर परत.

काका, किती वाढलं?

डायलिसिस युनिटमध्ये पहिला मान वजनकाट्याचा. सोम-बुध-शुक्रवाले असोत की मंगळ-गुरु-शनिवाले, चपला काढून आधी काट्यावर.

"काका, किती वाढलं?"

"दोन-आठशे."

"दोन-आठशे? परवा तर बाराशेच होतं!"

"अहो सिस्टर, पुतणीचं लग्न होतं. बासुंदी..."

"बासुंदीने नाही वाढत एवढं. लोणचं किती खाल्लंत ते सांगा."

सिस्टरांचं बरोबर आहे! वाढलेलं वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. आणि ते पाणी मागतं कोण? मीठ. साधारण ८ ग्रॅम मीठ शरीरात राहिलं की ते लिटरभर पाणी धरून बसतं. म्हणून चलाख डाएटिशियनचा डोळा पाण्याच्या बाटलीवर कमी आणि लोणच्याच्या बरणीवर जास्त असतो.

पापडाचं काय? पापडात पापडखार असतो, खार अल्कली असतो, म्हणजे पापड अ‍ॅसिडवर औषध, असा युक्तिवाद करणारे महाभाग भेटतात. लॉजिकला दहापैकी दहा, पण पापडातल्या मिठासमोर केस टिकत नाही.

सोड्याच्या गोळ्याही याच कारणाने कोणी आपल्या मनाने गिळू नयेत. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत १३७ मिलिग्रॅम सोडियम! तसं सोड्याचं नाव मोठं आहे. २००९ मध्ये लंडनमध्ये १३४ रुग्णांवर प्रयोग झाला. डायलिसिसपर्यंत न पोचलेल्या या रुग्णांपैकी सोडा घेणाऱ्यांची किडनी बरीच सावकाश खालावली. जगभर टाळ्या! मग २०२० मध्ये ब्रिटनमध्येच साठीपुढच्या ३०० जणांवर दुसरा प्रयोग झाला. फायदा दिसला नाही. टाळ्या थांबल्या, वाद सुरू झाला.

माहीत आहे का, आठवड्यात सात दिवस असणं हीसुद्धा डायलिसिसची एक अडचण आहे? आठवड्यात तीन वेळा म्हटलं की दोन गॅप छोटे आणि एक मोठा पडतो. अमेरिकेतल्या ३२ हजार रुग्णांच्या २०११ च्या अभ्यासात मृत्यू आणि हृदयाचे त्रास नेमके त्या मोठ्या गॅपनंतरच्या दिवशी जास्त आढळले. पाणी, पोटॅशियम, अ‍ॅसिड, तिघांनाही रविवारची सुट्टी फार मानवते! फ्रान्समधल्या तासां या गावच्या केंद्राने वेगळाच मार्ग धरला: आठ-आठ तासांचं संथ डायलिसिस आणि कमी मीठ. तिथल्या बहुतेकांच्या बीपीच्या गोळ्याच सुटल्या.

डायलिसिस चालू असताना डबा खावा का? अमेरिकेत बऱ्याच युनिटमध्ये नाक मुरडतात, बीपी पडेल म्हणून. जर्मनीत चक्क ताट येतं! आपल्याकडे? कोपऱ्यातल्या बेडवरून उपम्याचा वास येतो आणि टेक्निशियन दुसरीकडे बघतो.

पोटातून साखर, दह्यातून सोडा

घरी पोटातून होणारं डायलिसिस, पेरिटोनियल, त्याची तऱ्हा आणखी न्यारी. पोटात सोडलेल्या पाण्यात ग्लुकोज असतं. त्यातलं दिवसाला १०० ग्रॅमच्या वर शरीरात शोषलं जाऊ शकतं. तोंड न हलवता तीन-चारशे कॅलरी! आणि अ‍ॅसिडवर उतारा म्हणून त्यात बहुतेकदा लॅक्टेट असतं, दह्याच्या आंबटपणातलंच. यकृत त्याचं बायकार्बोनेट करतं. आंबटातून पुन्हा अल्कली!

हाँगकाँगमध्ये तर १९८५ पासून सरकारी धोरणच आहे, आधी पोटाचं डायलिसिस, मग मशिनचं.

वल्ली, वल्ली आणि वल्ली

रक्तात अ‍ॅसिड वाढलं की माणूस खोल, जोरजोरात श्वास घेतो. याला कुसमाउल श्वसन म्हणतात, १८७४ मध्ये वर्णन करणाऱ्या जर्मन डॉक्टरच्या नावाने. याच अडॉल्फ कुसमाउलने १८६८ मध्ये जिवंत माणसाच्या पोटात नळी घालून पाहिलं होतं. एवढी ताठ नळी गिळणार कोण? त्याने शोधला तलवार गिळणारा जादूगार!

पटकीच्या रुग्णांच्या रक्तातून पाणी, क्षार आणि अल्कली कमी होते आणि लघवी बंद पडली की युरिया साचतो, हे १८३१ मध्ये दाखवलं २२ वर्षांच्या आयरिश विल्यम ओशॉनेसीने. पुढे हा पठ्ठ्या कलकत्त्याला आला आणि त्याने काय केलं? १८५० च्या दशकात कलकत्ता-आग्रा-मुंबई-मद्रास अशी टेलिग्राफची तार ओढली! रक्तातली अल्कली मोजणारा माणूस मुंबईला तार जोडून गेला.

सत्तरच्या दशकात एक डायलिसिस मशिन आलं जे १२० लिटरऐवजी सहाच लिटर पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरायचं. त्यातली जादू? युरिएज, जॅक बीन या आबईच्या भाऊबंदांतल्या शेंगेपासून मिळणारं एन्झाइम. १९२६ मध्ये याचे स्फटिक पहिल्यांदा बनवले जेम्स समनरने. त्याला एकच हात होता. डावखुऱ्या समनरचा डावा हात सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात गेला होता. १९४६ मध्ये नोबेल घेतलं, उजव्या हाताने.

आणि आपल्या मुंबईची गोष्ट. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या. १९७५ च्या अखेरीस ते जसलोक हॉस्पिटलमध्ये आले आणि पुढची जवळपास चार वर्षं डायलिसिसवर जगले. त्यांच्या मशिनसाठी लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधींनीही धनादेश पाठवला, तो परत गेला. मार्च १९७९ मध्ये तर लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा होऊन श्रद्धांजलीही वाहिली गेली. जेपी तेव्हा जसलोकमध्ये जिवंत होते! त्यानंतर ते आणखी सहा महिने जगले.

जाता जाता दातांची गोष्ट. किडनी निकामी असलेल्या मुलांच्या दातांना कीड कमी लागते, माहीत आहे का? लाळेत युरिया वाढतो, तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात, लाळ अल्कलाइन होते आणि दात पोखरणाऱ्या अ‍ॅसिडचा डाव फसतो. रक्तात अ‍ॅसिड, तोंडात अल्कली! पण फुकट काहीच मिळत नाही. त्याच लाळेमुळे दातांवर टार्टरचे थर भराभर चढतात, तेव्हा डेंटिस्टची अपॉइंटमेंट काही चुकत नाही. फक्त ती डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीची घ्या, कारण मशिनवर दिलेलं रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन तोवर उतरलेलं असतं.